झोपेची दुरुस्ती सकाळी सहाला सुरू होते

रात्री तीन वाजता आमच्या सोसायटीत काय काय ऐकू येतं, हे मला तोंडपाठ आहे. फ्रिज घुं करून सुरू होतो. वॉचमन खुर्ची सरकवतो. पौड रस्त्यावरून एखादा डंपर गिअर बदलत जातो, आणि मग कुठलंतरी कुत्रं त्याला उत्तर देतं. सव्वा वर्ष मी रोज या वेळेला जागी होते. वय पंचेचाळीस, पाळी कधी चोवीस दिवसांनी तर कधी पन्नास, मानेवर घाम, वजन पाच किलोंनी पुढे, आणि दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागलेले. मैत्रिणी म्हणायच्या, ‘हॉर्मोन्सचं आहे गं, आता चालायचंच.’

चालायचं नव्हतं. पण ते थांबवायला मी ज्या टोकाने सुरुवात केली ते टोकच चुकीचं होतं. मी रात्रीच्या मागे लागले होते. जायफळाचं दूध, लॅव्हेंडरचं तेल, मोबाइलवर पावसाचा आवाज, साडेनऊलाच अंथरुणात शिरणं. झोप अशी ओढून आणता येत नाही. उठण्याची वेळ मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते, आणि शरीराचं बरंचसं वेळापत्रक त्या एका वेळेला बांधलेलं असतं. म्हणून या लेखातला क्रम जरा उलटा वाटेल. रात्रीच्या गोष्टी शेवटी येतील, तेही थोडक्यात.

आधी घड्याळ समजून घ्या

डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या किंचित वर पेशींचा एक छोटा पुंजका आहे. हे आपलं मुख्य घड्याळ. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं, ते फळमाशीवरच्या प्रयोगांतून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. बहुतेक माणसांत हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित सावकाश चालतं. म्हणजे त्याला रोज चावी द्यावी लागते, आणि ती चावी म्हणजे सकाळचा उजेड.

हॉर्मोन्स या घड्याळाकडे बघून कामाला लागतात. अंगात तरतरी आणणारं कॉर्टिसोल पहाटेपासून चढतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला जातं. अंधार पडला की रात्र झाल्याची खूण देणारं मेलाटोनिन वर येतं. वाढीचं हॉर्मोन रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत सगळ्यात जास्त स्रवतं. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन झोपेतच वाढतं. शिकागो विद्यापीठात २०११ मध्ये दहा तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी खाली आलं. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वर जातं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन खाली येतं आणि इन्सुलिनला पेशी नीट दाद देत नाहीत. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी भाकरी-भाजी नकोशी वाटते आणि बाकरवडीच्या पुड्याकडे हात जातो, तो निव्वळ जिभेचा दोष नाही.

उलट दिशेनेही गाडी येते. प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हॉर्मोनपासून शरीरात जे पदार्थ तयार होतात ते मेंदूला शांत करतात. पाळीच्या आधीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, म्हणून तेव्हा झोप विस्कटते. चाळिशीनंतर एस्ट्रोजेन हेलकावे खायला लागलं की शरीराचा थर्मोस्टॅट हळवा होतो आणि रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे आणि त्याआधीची काही वर्षं ही अशी डळमळीत जातात. तेव्हा झोप आणि हॉर्मोन्स यांत आधी कोण बिघडलं, हे शोधत बसू नका. झोपेच्या टोकाला हात घालता येतो, एवढं पुरे.

पहिले चौदा दिवस नुसती नोंद

काहीही बदलू नका. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहितो तिथेच, रोज सकाळी पाच गोष्टी लिहा: अंथरुणात कधी गेलो, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये किती वेळ जागे होतो, शेवटी कधी उठलो, शेवटचा चहा-कॉफी किती वाजता. बायकांनी पाळीचा दिवसही लिहावा. घड्याळ बघून मिनिटं मोजायची नाहीत, सकाळी आठवेल तो अंदाज चालतो.

मनगटावरचं घड्याळ गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती याचे रंगीत आलेख दाखवतं. त्यावर फार विसंबू नका. एकूण झोपेचा अंदाज ते बरा देतात, टप्प्यांचा यथातथाच. माझ्या घड्याळाने एकदा ‘उत्तम झोप’ असा शेरा दिला, त्या रात्री मी दीड तास गॅलरीत बसले होते.

चौदा दिवसांनी सरासरी काढा. माझी अशी निघाली: अंथरुणात आठ तास दहा मिनिटं, प्रत्यक्ष झोप पाच तास वीस मिनिटं. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी जेमतेम पासष्ट टक्के झोप. पंच्याऐंशीच्या वर असेल तर ठीक मानतात. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्टही त्या कॅलेंडरवरच दिसली. सगळ्यात वाईट रात्री पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत होत्या, आणि रविवारच्या. शनिवारी जागायचं, रविवारी नऊला उठायचं, मग रविवारी रात्री झोप कुठून येणार?

आधी डॉक्टर कोणाला लागतात

दिनचर्या बदलून सगळं सुटत नाही, आणि काही गोष्टींत नुसतं दिनचर्येवर थांबणं धोक्याचं आहे. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं जड, दिवसा सिग्नलला डुलकी, अशी लक्षणं असतील तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी आधी करा. हा आजार जाड पुरुषांचा असं आपण समजतो. पीसीओडी, म्हणजे हॉर्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, असलेल्या बायकांत आणि पाळी गेल्यानंतर तो बराच आढळतो. आमच्या घरी माझ्या नोंदवहीमुळे नवऱ्याचं निदान झालं. ‘पुन्हा उठले, हे घोरत होते, मग एकदम गप्प’ असं तीनदा लिहिलेलं बघून डॉक्टरांनी त्यालाच बोलावून घेतलं. त्याला अजून ते पटलेलं नाही, पण मशीन लावून झोपतो.

रात्री पायात किडे वळवळल्यासारखं होऊन पाय हलवावेसे वाटत असतील, तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासायला सांगा. लॅबच्या कागदावर बारा-पंधरालाही ‘नॉर्मल’ छापलेलं असतं, पण या पायांच्या तक्रारीत ते पंच्याहत्तरच्या खाली असेल तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. पाळी तीन महिन्यांहून जास्त लांबली, ती गेल्यावर वर्षाने पुन्हा रक्तस्राव झाला, वजन आपोआप उतरतंय आणि छाती धडधडते, किंवा मन इतकं खचलंय की सकाळ नकोशी वाटते, अशा वेळी हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

तपासण्यांचं म्हणाल तर माझा अनुभव ऐका. एका लॅबचं ‘संपूर्ण हॉर्मोन पॅकेज’ मी हौसेने केलं. तीस-पस्तीस आकडे आले, त्यातले चार लाल. डॉक्टरांनी ते कागद उलटे ठेवले आणि माझं कॅलेंडर मागितलं. पंचेचाळिशीनंतर, वाफा आणि अनियमित पाळी ही लक्षणं समोर असताना, एका दिवसाच्या एफएसएच या पाळीशी संबंधित हॉर्मोनच्या आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. तो आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसराच असतो. माझ्या कामाचे निघाले ते साधे आकडे: थायरॉइडचा टीएसएच, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-बारा जीवनसत्त्व आणि तीन महिन्यांची साखर. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. त्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर आकडे चुकीचे येऊ शकतात.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर एक घरगुती चूक हमखास सापडते. सकाळची गोळी चहाच्या घोटाबरोबर जाते, नाहीतर कॅल्शियमच्या गोळीला चिकटून. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोह चार तासांनी. माझ्या नणंदेने एवढंच बदललं आणि तिचा डोस वाढवायचा राहिला.

उठायची वेळ ठोकून बसवा

आता मुख्य काम. एक वेळ ठरवा. नोकरी, मुलांची शाळा, पाणी येण्याची वेळ, सगळं धरून. माझी सहाची. ही वेळ रविवारी, दिवाळीला, रात्री दोनला झोपलात तरी बदलायची नाही. फार तर अर्धा तास इकडेतिकडे. पहिले दहा दिवस हे अन्यायाचं वाटतं. रात्रभर तळमळायचं आणि सहाला गजर! पण जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि तेच रात्री झोप चढवतं. उशिरा उठून तुम्ही तो साठा कमी करता, मग रात्री टाकी अर्धीच भरलेली असते.

उठल्यावर तासाभरात बाहेरच्या उजेडात जा. घरात ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर पावसाळी, ढगाळ सकाळीसुद्धा काही हजार. डोळ्यांना तो अंधारलेला वाटतो, घड्याळाला नाही. खिडकीच्या काचेमागे बसून पेपर वाचण्यात तेवढं बळ नाही. ऊन असेल तर दहा-पंधरा मिनिटं, आभाळ भरलेलं असेल तर अर्धा तास. सूर्याकडे थेट बघायचं नाही, गॉगल घालायचा नाही, एवढंच.

पुण्यात याला निमित्त शोधावं लागत नाही. कोथरूडला म्हातोबाची टेकडी, फर्ग्युसनच्या मागे हनुमान टेकडी, सहकारनगरकरांना तळजाई, पेठांतल्यांना सारसबाग आणि पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या. पण टेकडी हा हट्ट करू नका. ‘टेकडीला जायला जमत नाही’ म्हणून घरात बसणारे मी खूप पाहिलेत. सोसायटीच्या गच्चीवर तांब्या घेऊन तुळशीला पाणी घालायला वीस मिनिटं लावली तरी काम होतं. मे-जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला वर येतो. डिसेंबर-जानेवारीत सात वाजतात, तेव्हा सहाला उठून घरातले सगळे दिवे लावा आणि सातला बाहेर पडा.

मला यानेच पहिला फरक दिसला. बाराव्या-तेराव्या दिवशी रात्री दहाला जांभई आली. किती महिन्यांनी!

दुपारच्या झोपेचं काय? एक ते चार बंद ठेवणाऱ्या शहराला हे सांगणं जिवावर येतं, पण रात्री झोप येत नसेल तर दुपारची झोप आधी जाऊ द्या. अगदीच नाही राहवलं तर तीनच्या आत वीस मिनिटं, खुर्चीत, गजर लावून.

चहा

कॅफिन त्याच अॅडिनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं. झोपेचा दाब असतो, फक्त मेंदूला तो कळत नाही. आणि ते उतरायला वेळ लागतो. निम्मं जायलाच पाच-सहा तास. पाचचा अमृततुल्यचा कटिंग म्हणजे रात्री दहा-अकरालाही त्यातलं निम्मं रक्तात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत हा वेळ साधारण दुप्पट होतो, हे फार कमी जणींना माहीत असतं. ‘मला कॉफी पिऊनही झोप लागते’ म्हणणाऱ्यांची झोप लागते खरी, पण ती उथळ असते.

मी शेवटचा चहा दुपारी दीडवर आणला. एकदम नाही. दर तीन दिवसांनी अर्धा तास मागे. एकदम सोडला तर डोकं दुखतं आणि घरच्यांचं जगणं कठीण होतं. पाचला आता गवती चहा आणि आलं उकळते. त्यात दूध घातलं की चहा प्यायल्याचं निम्मं समाधान मिळतं, उरलेलं निम्मं सोडून द्यायचं.

जेवण कधी, मग काय

आपल्याकडे आहाराची चर्चा ‘काय’ पासून सुरू होते. मी ‘कधी’ पासून सुरू करेन. रात्री इन्सुलिनला शरीर सकाळइतकी दाद देत नाही, त्यामुळे तोच भात आठला आणि साडेदहाला खाल्ला तर साखर वेगवेगळी चढते. शिवाय भरल्या पोटी आडवं झालं की जळजळ. झोपण्याआधी तीन तास जेवण उरकावं. हिंजवडीहून साडेनऊला घरी पोचणाऱ्याने काय करायचं? दोन भाग करायचे. साडेसहाला ऑफिसातच डब्यातली पोळी-उसळ खाऊन घ्या आणि घरी येऊन वाटीभर वरण किंवा मुगाची पातळ खिचडी. दोन डबे भरणं कटकटीचं आहे हे कबूल.

आता ‘काय’. पीसीओडी असो, साखर काठावर असो की पाळी जायची वेळ, सकाळच्या खाण्यात प्रथिनं वाढवली की दिवसभराची भूक ठिकाणावर राहते. नुसत्या कांदेपोह्यांच्या बशीत प्रथिनं नाममात्र असतात. पोह्यांत मोड आलेली मटकी आणि दाणे भरपूर घाला, बाजूला वाटीभर दही. किंवा मुगाचं धिरडं, किंवा दोन अंडी. उपासाच्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी ही झोप आणणारी वस्तू आहे, पण दुपारी बाराला. दोन्ही जेवणांत एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी. हे आपल्या आज्यांचंच ताट आहे. बदल एवढाच की भाताचा ढीग लहान आणि उसळीची वाटी मोठी.

पीसीओडीमध्ये वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडतो. सत्तर किलोच्या मुलीला साडेतीन किलो. पंधरा किलोंची धमकी देऊन तिला घाबरवण्यात अर्थ नाही.

दारूबद्दल एवढंच: ती झोपवते लवकर आणि दोन-तीनला उठवते. वाफा येत असतील तर त्याही वाढवते.

स्नायू

चालणं चांगलं, पण पुरत नाही. जेवणानंतर रक्तातली साखर उचलून नेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि चाळिशीनंतर ते झिजतात. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस वजनांचा व्यायाम. जिमची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं बारा वेळा, भिंतीला हात लावून जोर, दोन्ही हातांत पाच किलो पिठाच्या पिशव्या धरून जिना. असे तीन फेरे. रात्री दहानंतर दमछाक करणारा व्यायाम टाळा, बाकी कुठलीही वेळ चालते.

रात्री नऊनंतर

घरातले पांढरे दिवे बंद, पिवळा एखादा दिवा चालू. संध्याकाळचा उजेड मेलाटोनिनला मागे ढकलतो, आणि मोबाइलपेक्षा छतावरचे दिवे याला जास्त जबाबदार असतात असं माझं मत झालंय. मोबाइलचा खरा त्रास त्याच्या उजेडापेक्षा त्यातल्या माणसांचा. शाळेच्या ग्रुपवर साडेदहाला प्रोजेक्टची यादी पडते आणि मन पुन्हा ऑफिसात जातं.

झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट-गरम पाण्याने अंघोळ करा. कातडीकडे रक्त धावतं, आतली उष्णता बाहेर पडते, आणि शरीर आतून गार झालं की झोप लागते. ज्यांना रात्री वाफा येतात त्यांनी सुती गाऊन, उशाशी पाण्याची बाटली आणि पंखा, एकावर एक दोन पातळ पांघरुणं. जाड दुलई पुण्याच्या थंडीतही नको. पाळीआधीच्या दिवसांत शरीराचं तापमान तसंही अर्ध्या अंशापर्यंत वर असतं.

काळज्यांसाठी वेगळी वही. पण ती संध्याकाळी सातला उघडायची, अंथरुणात नाही. डाव्या बाजूला काळजी, उजव्या बाजूला उद्या तिचं काय करणार ते एका ओळीत. ‘बाबांचा विमा’ समोर ‘अकरा वाजता एजंटला फोन’. रात्री तोच विचार आला की स्वतःला सांगता येतं, याची नोंद झालीय.

तीन वाजता जाग आली तर

घड्याळ बघू नका. मी आमचं भिंतीवरचं घड्याळ हॉलमध्ये हलवलं आणि मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप आसपास फिरकत नसेल, तर उठायचं. अंथरुणात पडून तळमळलं की मेंदू शिकतो, ही जागा तळमळायची आहे. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हा नियम मांडला आणि अजून तो निद्रानाशाच्या उपचाराचा कणा आहे: अंथरूण फक्त झोप आणि शरीरसंबंधांसाठी. टीव्ही, लॅपटॉप, भांडण, सगळं बाहेर.

उठून काय करायचं? कंटाळवाणं, हातांचं, उजेड न लागणारं काम. मी लसूण सोलायचे. ओट्यावर झिरोचा बल्ब, स्टीलची ताटली, दोन गड्ड्या. पाकळी बोटांत दाबायची, साल सुटल्याचा बारीक टचक आवाज, साल डावीकडे, पाकळी डब्यात. दहाव्या-पंधराव्या पाकळीला डोळे जड व्हायचे. कधी तीस पाकळ्या झाल्या तरी नाही. मग अजून एक गड्डी. झोप आली की अंथरुणात, नाही आली की पुन्हा ओटा. सासूबाई एकदा पाणी प्यायला उठल्या आणि दारात थबकल्या. ‘अगं, कोणी जेवायला येणारेय का उद्या?’

अंथरुणातला वेळ कापा

एवढं महिनाभर करून भागलं नाही तर हा शेवटचा, कडू डोस. निद्रानाशासाठीच्या वर्तन-उपचाराचा हा भाग आहे, आणि जुन्या निद्रानाशात गोळ्यांच्या आधी तो उपचार द्यावा असं वैद्यकीय संघटना सांगतात. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असा त्रास असेल तर तो जुना समजायचा.

नोंदवहीतला आकडा काढा. माझी झोप पाच तास वीस मिनिटं, म्हणून अंथरुणातली मुभा साडेपाच तास. सहाला उठायचं, म्हणजे साडेबाराच्या आधी पाठ टेकायची नाही. साडेअकराला पापण्या मिटत असल्या तरी नाही. आठवड्याची सरासरी काढायची. अंथरुणातल्या वेळेपैकी पंच्याऐंशी टक्के झोप झाली की पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं आधी झोपायची परवानगी. नाही झाली तर तसंच. कितीही कमी झोप होत असली तरी मुभा पाच तासांच्या खाली न्यायची नाही. सवा बारा, बारा, पावणेबारा असं करत मी साडेअकरावर यायला सहा आठवडे लागले, कारण मधले दोन आठवडे पाळीने खाल्ले.

पहिल्या दोन आठवड्यांत दिवसा भयंकर झोप येते. त्या काळात दुचाकी नको. कर्वे रस्त्यावर जागेपणीही जीव मुठीत असतो. मेट्रो किंवा बस घ्या. फिट येण्याचा किंवा बायपोलर आजार, झोपेत श्वास अडकणं किंवा गरोदरपण असेल तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने करूच नका.

रात्रपाळी असेल तर

खराडी-मगरपट्ट्यातल्या रात्रपाळीवाल्यांना ‘लवकर निजे’ सांगण्यात काही हशील नाही. त्यांनी निदान चार तासांचा एक तुकडा रोज त्याच वेळेला ठेवावा, सुट्टीच्या दिवशीही. समजा सकाळी आठ ते बारा. उरलेली झोप पुढेमागे सरकू शकते. कामाच्या पहिल्या निम्म्या वेळात भरपूर उजेड आणि चहा, दुसऱ्या निम्म्यात दोन्ही कमी. कंपनीच्या गाडीने घरी येताना गॉगल, खोलीला काळे पडदे, दारावर पाटी. घरातल्यांनीही दिवसा झोपणाऱ्याला आळशी म्हणायचं थांबवलं तर निम्मं काम होईल.

गोळ्या, पावडरी, काढे

अश्वगंधेने काहींना बरं वाटतं, पण ती थायरॉइडचे हॉर्मोन वाढवू शकते आणि क्वचित यकृतालाही इजा झालेली आहे. थायरॉइडचं औषध चालू असताना ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून घेऊ नका. मेलाटोनिन घड्याळ सरकवतं, त्याच्याकडून झोपेच्या गोळीसारखी अपेक्षा ठेवू नका. झोपेच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील तर एका रात्रीत बंद करू नका, डॉक्टरांकडून पायरीपायरीने उतरवून घ्या. आणि वाफांनी रात्री हराम केल्या असतील तर हॉर्मोनचे उपचार हा वाफांवरचा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. स्तनाच्या कर्करोगाचा किंवा रक्ताच्या गाठींचा इतिहास असेल तर तो चालत नाही, बाकीच्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांशी न लाजता बोलावं. सोसण्याचं पदक कोणी देत नाही.

आणि मग गणपती येतात

घडी बसायला मला दोन-अडीच महिने लागले, आणि ढोलताशांच्या पहिल्या आठवड्यातच ती मोडली. कायद्याने रात्री दहा ते सहा ही शांततेची वेळ, पण सणाच्या काही दिवशी बारापर्यंत सूट मिळते. भांडून उपयोग नाही. कानात फोमचे बोळे घाला, झोप बाराला गेली तर जाऊ द्या, पण सकाळचं सहा सोडू नका. विसर्जनानंतर चौथ्या रात्री माझी गाडी रुळावर आली. पाळीआधीचे दोन दिवस अजून तीनला जाग येते. आता मी त्या रात्री कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग लावत नाही.

परवा सासूबाई आमटीला फोडणी घालताना फ्रिज उघडून म्हणाल्या, ‘सोललेला लसूण संपला वाटतं.’ महिन्याभरापूर्वीच संपला होता.